पिसवेच्या घशातली गाठ

'उंदीर पडला' एवढे दोन शब्द आपल्या पणज्यांना पुरेसे असत. आढ्यावरून मेलेला उंदीर खाली पडला, की लोक भांडीकुंडी बैलगाडीत टाकून रानात झोपड्या बांधायला निघत. उंदरामागून माणसाची पाळी येते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मधल्या दिवसांत नेमकं काय घडतं, ते मात्र १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग फुटला तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. जंतू सापडला होता. अलेक्झांडर येर्सिनने तो १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला, म्हणून आज त्याचं नाव येर्सिनिया पेस्टिस. पण तो उंदरातून माणसात येतो कसा? कुणी ओल्या जमिनीला दोष देई, कुणी दूषित हवेला. मग घरं कार्बॉलिकने धुतली जात, भिंतींना चुना फासला जाई, आणि साथ आपल्या गतीने चालूच राही.

१८९७ मध्ये पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर मुंबईत आला. त्याचं लक्ष बारीक गोष्टींकडे गेलं. काही रोग्यांच्या पायावर एखादा छोटा फोड असे आणि त्या फोडातल्या पाण्यात प्लेगचे जंतू. ताजा मेलेला उंदीर उचलणारा माणूस आजारी पडे; तोच उंदीर दिवसभर पडून राहिला असेल तर सहसा काही होत नसे. मेलेल्या उंदराच्या अंगावरून या काळात काय निघून जातं? पिसवा! अंग गार पडलं की त्या दुसरं ऊबदार अंग शोधतात.

जून १८९८ मध्ये कराचीत सिमाँने एका मोठ्या काचेच्या बरणीत पिसवांसह आजारी उंदीर ठेवला, आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणं शक्य नव्हतं, पिसवांना मात्र उडी मारता येत होती. काही दिवसांत वरचा उंदीरही प्लेगने मेला. इतका सरळ प्रयोग, पण त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार होईना. पुढे मुंबईतच प्लेग कमिशनने प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे टांगून पाहिले. जमिनीपासून दोन इंचांवरचे प्राणी मेले, दोन फुटांवरचे वाचले. हवाच दूषित असती तर तिला दोन फुटांची काय अडचण? पिसवेला मात्र तेवढी उडी जमत नाही.

पण रक्त पिणारे किडे तर कितीतरी, मग पिसूच का? याचं उत्तर १९१४ मध्ये लंडनला बेकट आणि मार्टिन यांनी शोधलं, आणि मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी काट्यांची झडप असते. प्यालेलं रक्त मागे येऊ नये म्हणून. आजारी उंदराच्या रक्ताबरोबर आत गेलेले जंतू या काट्यांना धरून वाढतात, चिकट पदार्थ सोडतात, आणि काही दिवसांत तिथे बोळा बसतो. नळाला बसावा तसा. आता पिसू कितीही रक्त ओढो, ते जठरात पोचत नाही. बोळ्यावर आदळून, जंतूंना घेऊन ते चावलेल्या जागी परत येतं. भुकेने वेडी झालेली पिसू पुन्हा चावते, पुन्हा तेच. एरवी उंदराला सोडून माणसाकडे सहसा न वळणारी ही पिसू या अवस्थेत कुणालाही चावते. शेवटी ती उपासमारीने मरते, पण तोवर जंतूंचं काम झालेलं असतं. माणसाच्या जांघेत किंवा काखेत गाठ येते म्हणून आपण याला गाठीचा रोग म्हणतो. पहिली गाठ खरं तर पिसवेच्या घशात धरलेली असते. बोळा धरण्याआधीच्या पहिल्या काही दिवसांतही पिसू रोग देऊ शकते हे अलीकडच्या प्रयोगांत दिसलं आहे, त्यामुळे बोळा हा एकमेव मार्ग नव्हे.

तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं की हा बोळा नीट टिकत नाही. शिवाय कोरड्या उन्हात पिसवाही फार जगत नाहीत. दख्खनमध्ये कडक उन्हाळ्यात साथ ओसरे, त्यामागे ही दोन्ही कारणं आहेत.

मग उवांचं काय? इथे डोक्यातली ऊ नव्हे, कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरची ऊ. मोरोक्कोत १९४० च्या सुमारास ब्लांक आणि बाल्ताझार यांना प्लेगच्या रोग्यांच्या उवांत जंतू सापडले होते, पण बराच काळ तिच्याकडे दुय्यम म्हणूनच पाहिलं गेलं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने जंतू मिसळलेलं मानवी रक्त उवांना पातळ पडद्यातून पाजलं. काही उवांच्या डोक्यातल्या, तोंडाच्या अवयवांना वंगण देत असाव्यात अशा ग्रंथींत जंतू शिरले, आणि अशा उवा चावताना इतर उवांपेक्षा जास्त जंतू सोडत होत्या. म्हणजे इथे बोळा नाही, भुकेचं वेड नाही. ऊ पोटभर पिते आणि तरी रोग देते.

चौदाव्या शतकात युरोपचा फडशा पाडणाऱ्या 'काळ्या मृत्यू'बद्दल त्यामुळे वाद रंगला आहे. २०१८ मध्ये काही संशोधकांनी युरोपातल्या नऊ जुन्या साथींतले मृत्यूचे आकडे गणिती प्रारूपांशी ताडून पाहिले. सात ठिकाणी उंदरांपेक्षा माणसाच्याच अंगावरच्या पिसवा आणि उवा जास्त जुळल्या. अर्थात हे मृत्यूच्या आकड्यांवरचं गणित आहे. त्या काळी उवा कुणी मोजल्या नव्हत्या. थंडीत थरावर थर लोकरीचे, आठवडेन् आठवडे न बदललेले कपडे घालणाऱ्या गावांत हे मला पटतंही. मुंबईच्या घामट चाळीत मात्र आधी उंदीरच पडत होते.