सुरुवातीच्या विश्वातल्या महाकाय दीर्घिका

महास्फोटानंतर पहिल्या शंभर-दीडशे कोटी वर्षांतच हजार कोटी सूर्यांइतके किंवा त्याहून जास्त तारे जमवलेल्या दीर्घिकांना (गॅलेक्सींना) सुरुवातीच्या विश्वातल्या महाकाय दीर्घिका म्हणतात, आणि विश्वाचं आजचं वय १३८० कोटी वर्षं आहे हे लक्षात घेतलं की ही घाई केवढी ते कळतं.

सोलापूरकरांनी गड्डा यात्रेच्या आसपास, अमावास्येच्या संध्याकाळी नान्नजच्या माळरानावर जाऊन बघावं, देवयानी दीर्घिकेचा पुसट डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. या महाकाय दीर्घिकांचा मात्र बाराशे-तेराशे कोटी वर्षं प्रवास करून येतो, वाटेत विश्व प्रसरण पावल्यानं ताणून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड होतो, म्हणून त्यांच्यासाठी २०२१ च्या २५ डिसेंबरला सोडलेली जेम्स वेब दुर्बीण लागली.

बनतात कशा? आधी डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं, फक्त ओढीवरून कळणारं द्रव्य, गुरुत्वाकर्षणानं गोळा होतं, त्याचं धाग्यांचं जाळं तयार होतं. हत्तरसंग कुडलला सीना जशी भीमेत येऊन मिळते तसे हे धागे जिथं मिळतात तिथं चहूबाजूंनी थंड गॅस येऊन पडतो आणि तारे धडाधड पेटतात. पुढं शेजारच्या छोट्या दीर्घिका गिळून आकार वाढतो. काहींची तारेनिर्मिती मात्र लवकर थांबते, बहुतेक मधल्या ब्लॅक होलनं गॅस तापवल्यामुळं किंवा बाहेर फेकल्यामुळं.

२०२३ मध्ये वेबच्या फोटोंत ५०-७० कोटी वर्षांच्या विश्वातले अशा दीर्घिकांचे सहा वजनदार उमेदवार सापडले, इतक्या लवकर इतकं वजन हिशेबात बसेना, तेव्हा महास्फोटाचा (बिग बँगचा) सिद्धांतच चुकला अशी ओरड झाली, ती चूक होती. त्यातला काही उजेड ताऱ्यांचा नसून गॅस गिळणाऱ्या ब्लॅक होलचा असावा असं पुढं दिसलं, म्हणजे वजनाचा अंदाज जास्त धरला गेला. तरीही चमकदार दीर्घिका अंदाजापेक्षा जास्तच आहेत, आणि खरा प्रश्न हा आहे की गॅसमधून तारे इतक्या झपाट्यानं कसे बनले. जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका महास्फोटानंतर जेमतेम ३० कोटी वर्षांनीची, तरी तिच्यात ऑक्सिजन सापडला. तो ताऱ्यांच्या पोटातच बनतो, म्हणजे तोवर ताऱ्यांची एक पिढी जगून मेलीसुद्धा!

आपल्या पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी शोधलेली अलकनंदा दीर्घिका तर बघायलाच हवी. विश्व दीडशे कोटी वर्षांचं असताना तिला दोन रेखीव सर्पिल भुजा होत्या, आणि वर्षाला साधारण ६० सूर्यांइतके नवे तारे ती बनवत होती.