मॅसिव्ह अटॅक : माणसं उठत गेली, सूर बदलत गेला

'ट्रिप-हॉप' (संथ, धूसर हिप-हॉप ठेक्यांच्या संगीताचं नाव) हा शब्द १९९४ साली 'मिक्समॅग' या ब्रिटिश मासिकात छापून आला, तेव्हा मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश गटाच्या पहिल्या अल्बमला तीन वर्षं होऊन गेली होती. त्यांना तो कधीच रुचला नाही, पण चिकटला तो चिकटलाच.

मुळात हा बँड नव्हेच. ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये 'वाइल्ड बंच' नावाची मंडळी जमैकन पद्धतीची साउंड सिस्टिम चालवायची: मोठाले स्पीकर रचायचे, तबकड्या लावायच्या, ठेक्यावर कुणीतरी बोलायचं. रेगे, पंक, सोल, हिप-हॉप, सगळं एकाच रात्री. रॉबर्ट डेल नाया, ग्रँट मार्शल आणि अँड्र्यू व्हाउल्स हे तिघं त्यातलेच; पुढे तेच मॅसिव्ह अटॅक झाले. डेल नाया तर भिंतींवर ग्राफिटी काढणारा.

'ब्लू लाइन्स'मध्ये (१९९१) ती गर्दी ऐकू येते. 'सेफ फ्रॉम हार्म'चा बेस बिली कॉबमच्या जॅझ तबकडीतून उचललेला. 'अनफिनिश्ड सिम्पथी'मधली 'हे हे' अशी हाक महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या गाण्यातली; वर शारा नेल्सनचा गळा आणि खराखुरा वाद्यवृंद. आखाती युद्ध चालू होतं, म्हणून 'अटॅक' गाळून हे गाणं नुसत्या 'मॅसिव्ह' नावानं आलं.

'प्रोटेक्शन'मध्ये (१९९४) शारा नव्हती, ट्रेसी थॉर्न आली. अल्बम देखणा, पण जरा मवाळ. पुढच्या वर्षी मॅड प्रोफेसरनं त्याचा डब केला, म्हणजे तीच गाणी प्रतिध्वनी घालून नव्यानं घडवली. मला मूळापेक्षा तोच जवळचा वाटतो.

खरी उलथापालथ 'मेझनिन'ची (१९९८). 'एंजल' ऐका. आधी नुसता खोल बेस, पोटात गुरगुरल्यासारखा. जमैकन गायक होरेस अँडी स्वतःच्याच जुन्या रेगे गाण्यातल्या ओळी हळुवार म्हणतो. मग अँजेलो ब्रुस्किनीची गिटार अंगावर येते आणि सोलची ऊब नाहीशी होते. हे वळण व्हाउल्सला मानवलं नाही. 'टीअरड्रॉप' मॅडोनानं गावं असं त्याच्या मनात होतं. बाकी दोघांना एलिझाबेथ फ्रेझर हवी होती, आणि गायली तीच. १९९९ मध्ये व्हाउल्स बाहेर पडला.

'हंड्रेड्थ विंडो'च्या (२००३) वेळी मार्शलही नव्हता. डेल नाया आणि निर्माता नील डेव्हिज, दोघांनीच तो रचला. उसनी सॅम्पल्स (दुसऱ्यांच्या तबकड्यांतले तुकडे) गेली, गायिका शिनेड ओकॉनर आली. बारीक कातलेला, थंडगार अल्बम. हेडफोनवर अप्रतिम वाटतो, पण त्यावर कुणी नाचेल असं वाटत नाही.

'हेलिगोलँड'साठी (२०१०) मार्शल परतला आणि पाहुण्यांची रीघ लागली: डेमन अल्बर्न, होप सँडोव्हाल, गाय गार्वी. २०१६ च्या 'रिच्युअल स्पिरिट' या ईपीत (छोट्या अल्बममध्ये) पहिल्या दोन अल्बममधला रॅपर ट्रिकीही पुन्हा दिसला. 'प्रोटेक्शन'नंतर तो स्वतःच्या वाटेनं गेला होता.

या पाचही अल्बममध्ये न चुकता गायलेला पाहुणा एकच, किंग्स्टनचा होरेस अँडी. तेवढा साउंड सिस्टिमचा धागा कुणी तुटू दिला नाही.