चेस्पिरितो (रोबेर्तो गोमेस बोलान्योस)

रोबेर्तो गोमेस बोलान्योस (२१ फेब्रुवारी १९२९ – २८ नोव्हेंबर २०१४) हे मेक्सिकोचे लेखक आणि टीव्ही-सिनेमातले विनोदी नट, पुढे दिग्दर्शक आणि निर्माते पण झाले. जन्म मेक्सिको सिटीत, मृत्यू कान्कुनमध्ये. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत त्यांना चेस्पिरितो याच नावाने ओळखतात, आडनाव सांगायची गरज पडत नाही. ‘एल चावो देल ओचो’ आणि ‘एल चापुलिन कोलोरादो’ या त्यांच्या दोन मालिका, पहिली चाळीतल्या एका अनाथ पोराची, दुसरी एका भित्र्या सुपरहीरोची. बहुतेक नोंदी त्यांना आधी नट म्हणतात आणि मग जाता जाता लेखन पण करायचे असं म्हणतात, ते उलट पाहिजे: ते आधी लेखक होते, आणि त्यांच्या अभिनयाचं जवळपास सगळं गणित त्यांच्या लिखाणातून सुटतं.

वडील फ्रान्सिस्को गोमेस लिनारेस चित्रकार होते, ते मुलं लहान असतानाच गेले, तीन भावांना आईने वाढवलं. रोबेर्तोंनी राष्ट्रीय विद्यापीठात इंजिनिअरिंगला अॅडमिशन घेतली पण ते पूर्ण केलं नाही, तरुणपणी हौशी बॉक्सिंग केलं, मग एका जाहिरात कंपनीत लागले आणि तिथूनच रेडिओ-टीव्हीसाठी स्क्रिप्ट लिहायला लागले. १९५०च्या दशकाच्या शेवटापासून विरुता आणि कापुलिना या तेव्हाच्या फेमस विनोदी जोडीसाठी त्यांनी भरपूर लिहिलं, टीव्हीसाठी पण आणि सिनेमांसाठी पण, आणि त्यातल्या काही सिनेमांत छोटी कामं पण केली. ‘छोटा शेक्सपिअर’ अशा अर्थाचं टोपणनाव दिलं ते दिग्दर्शक आगुस्तिन देल्गादो यांनी, हे सगळे मान्य करतात. म्हणजे पडद्यावर नाव व्हायच्या आधी दहाएक वर्षं ते दुसऱ्यांच्या तोंडी विनोद घालत होते, आणि कुठल्या नटाला कुठलं वाक्य शोभतं याची पारख तिथेच तयार झाली असं मानायला हरकत नाही.

१९६८ मध्ये मेक्सिको सिटीत चॅनल ८ सुरू झालं. मोठ्या नेटवर्कशी टक्कर घ्यायची म्हणून या नव्या चॅनलला नवीन माणसं पाहिजे होती, आणि चाळिशीला आलेल्या या लेखकाला तिथे स्वतःचा वेळ मिळाला. ‘लोस सुपरखेनिओस दे ला मेसा क्वाद्रादा’ हा त्यातला महत्त्वाचा कार्यक्रम: चार जण टेबलाभोवती बसून प्रेक्षकांच्या प्रश्नांना भलतीच उत्तरं देतात. बोलान्योस त्यात म्हातारे डॉक्टर चापातिन, रुबेन आगिर्रे प्रोफेसर खिराफालेस, शिवाय रामोन वाल्देस आणि मारिया अंतोनिएता दे लास निएवेस. चावोमधले मास्तर म्हणून जगाला माहीत असलेले खिराफालेस मुळात या टेबलावरचे, चाळीत ते नंतर आले.

आता मुख्य वाद. एल चावो नेमका सुरू कधी झाला? तीन तारखा फिरतात. चॅनलवाले आणि बहुतेक वर्तमानपत्रं २० जून १९७१ धरतात, पन्नाशी पण त्यांनी २०२१ मध्येच साजरी केली. काही अभ्यासू चाहते १९७२ सांगतात. आणि तिसरी तारीख २६ फेब्रुवारी १९७३, पण त्या दिवशी अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका सुरू झाली, पात्र त्याआधीच छोट्या स्केचमधून लोकांसमोर आलेलं होतं. त्यामुळे ७३ विरुद्ध ७१ हा खरा वाद नाहीच, तो स्केच आणि मालिका यांची गल्लत केल्यामुळे झालेला घोळ आहे. खरा प्रश्न ७१ की ७२ एवढाच उरतो, आणि तिथे अडचण अशी की चॅनल ८ च्या काळातलं रेकॉर्डिंग फार थोडं हाती आहे, त्यामुळे लोकांच्या आठवणींवर आणि जुन्या कार्यक्रमपत्रिकांवर भिस्त ठेवावी लागते. आठवणी सांगणाऱ्यांनी त्या वीस-तीस वर्षांनी सांगितल्यात, कार्यक्रमपत्रिकेत कार्यक्रमाचं नाव असतं पण आतल्या स्केचचं नसतं. ‘१९७१-७२’ असं लिहिणं जास्त सुरक्षित वाटतं, दिवस-महिना देऊ नये.

नावातल्या ‘ओचो’चं, म्हणजे ८ चं, मूळ चॅनलमध्येच आहे यावर मात्र मतभेद नाहीत. जानेवारी १९७३ मध्ये चॅनल ८ ची कंपनी आणि जुनं नेटवर्क एकत्र येऊन तेलेविसा तयार झाली, कार्यक्रम पुढे चॅनल २ वर गेला, तेव्हा चावो चाळीतल्या ८ नंबरच्या खोलीत राहतो असं स्पष्टीकरण कथेत घातलं गेलं. तो पिंपात राहतो हा समज सगळीकडे आहे पण चुकीचा आहे, पिंप ही त्याची लपायची जागा.

चावो हा आठ वर्षांचा अनाथ पोरगा, आणि तो साकारणारा माणूस पहिल्या स्केचच्या वेळी बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा. हे जमलं कसं ते एका गोष्टीत नीट दिसतं. चावो फार घाबरला की त्याचं अंग आखडतं: गुडघे वाकलेले, हात लुळे लोंबतायत, तोंड एका बाजूला, आणि तोंडावर पाणी मारल्याशिवाय तो सुटत नाही. बोलान्योस बारक्या पोराची नक्कल करत नाहीत, आवाज फारसा बदलत नाहीत, मिशी-दाढी काढलेला मोठा माणूस आहे हे लपवत पण नाहीत. पण तो आखडण्याचा क्षण, रडताना येणारं ‘पि पि पि पि’, घरमालक सेन्योर बारिगा दारातून आत आले की दरवेळी चुकून त्यांनाच लागणारा फटका, हे सगळं इतकं ठरलेलं की प्रेक्षक ते कधी येतंय याची वाट बघतो. विनोद नवीन असण्यापेक्षा तो वेळेवर येण्यावर त्यांचा भर होता. चाळीतला भाडेकरू डॉन रामोन याचं १४ महिन्यांचं थकलेलं भाडं वर्षानुवर्षं १४ महिनेच राहतं, ते याच हिशोबाने.

आणि ही एकट्याची कला नव्हे. डॉन रामोन साकारणारे रामोन वाल्देस हे प्रसिद्ध नट तिन तान यांचे भाऊ, बऱ्याच जणांच्या मते (आणि हे मत पटण्यासारखं आहे) मालिकेतला सगळ्यात अस्सल नट तेच. चाळीतला दुसरा पोरगा किको साकारणारे कार्लोस विय्याग्रान यांना आगिर्रेंनी आणलं, गाल फुगवून बोलायची त्यांची लकब आधीपासूनची होती आणि बोलान्योसनी ती हेरून पात्र लिहिलं. फ्लोरिंदा मेसा, एदगार विवार (हे शिक्षणाने डॉक्टर), स्पेनमधून आलेल्या अंखेलिनेस फेर्नांदेस, धाकटा भाऊ ओरासिओ, सगळ्यांच्या बाबतीत हेच दिसतं, आधी माणूस बघायचा मग भूमिका लिहायची. दिग्दर्शनाचं बरंच श्रेय एन्रिके सेगोवियानो यांचं, ते नेहमी कमी दिलं जातं.

चापुलिन हा लाल कपड्यातला भित्रा सुपरहीरो चावोच्या थोडा आधीचा, १९७० च्या आसपासचा. डोक्यावर अँटेना, हातात वाजणारा हातोडा, आणि गोळी खाल्ली की तो बोटाएवढा होतो. हे बोटाएवढं होणं क्रोमाकीने केलेलं: नटाला निळ्या पडद्यासमोर उभं करायचं आणि जिथे जिथे निळा रंग आहे तिथे मिक्सरवर दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र भरायचं, म्हणजे एका कॅमेऱ्यात नट लांबून घेतलेला आणि दुसऱ्यात टेबलावरचा कप जवळून घेतलेला असला की माणूस कपाशेजारी उभा दिसतो. दोन्ही कॅमेरे हलता कामा नयेत, आणि नटाने जिथे बघायचं तिथे प्रत्यक्षात काहीच नसतं, त्यामुळे नजरेचा अंदाज चुकला की सगळं फसतं. कपडे लाल का याची गोष्ट बोलान्योसच सांगायचे, की कापड मोजक्या चार रंगांत मिळत होतं, त्यात निळा या तंत्रात चालणार नव्हता म्हणून बाद, काळा-पांढरा सुपरहीरोला शोभेना, उरला लाल. गोष्ट पटते, पण पोशाख ठरला त्या वेळी क्रोमाकी चॅनल ८ वर कितपत वापरात होती यावर सगळं अवलंबून आहे, त्यामुळे ती आठवण म्हणूनच घ्यावी.

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून दोन्ही मालिका जवळपास सगळ्या लॅटिन अमेरिकेत दिसायला लागल्या. प्रेक्षकसंख्या ३५ कोटी होती असं खूप ठिकाणी छापून येतं, हा आकडा जपून वापरावा. दौरे मात्र नोंदलेले आहेत: १९७७ मध्ये चिलीत सान्तियागोच्या नॅशनल स्टेडियमवर प्रयोग झाले आणि त्यावर टीका पण झाली, कारण चारच वर्षांपूर्वी लष्करी राजवटीने तिथे कैदी डांबले होते. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज डबिंग १९८४ पासून, तिथे चावोचं ‘शावेस’ झालं आणि त्यांचा चाहतावर्ग तिथे आजही प्रचंड आहे.

विय्याग्रान १९७८ मध्ये आणि वाल्देस १९७९ मध्ये बाहेर पडले. किको कुणाचा, लिहिणाऱ्याचा की साकारणाऱ्याचा, हा वाद पुढे अनेक वर्षं चालला, विय्याग्राननी व्हेनेझुएलात जाऊन वेगळे कार्यक्रम केले आणि नावाचं स्पेलिंग बदलून पात्र चालू ठेवलं. दे लास निएवेस यांनी आपण साकारलेल्या ला चिलिंद्रिना या पात्राचे हक्क स्वतःच्या नावावर नोंदवले आणि ते प्रकरण कोर्टात गेलं. पात्र कागदावर जन्मलं हे खरंच, पण गाल किंवा तो रडका आवाज कागदावर नव्हता, दोन्ही बाजूंना जोर आहे.

स्वतंत्र मालिका जानेवारी १९८० मध्ये संपली, पण लगेच तासाभराचा ‘चेस्पिरितो’ कार्यक्रम सुरू झाला आणि तो १९९५ पर्यंत चालला, त्यात चावो १९९२ पर्यंत स्केच म्हणून येत राहिला. याच काळात रेकॉर्ड केलेलं हसू त्यांनी काढून टाकलं, प्रेक्षकांच्या बुद्धीचा मान म्हणून, असं कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगितलं जायचं. उशिराच्या भागांत ‘लोस काकितोस’ या भुरट्या चोरांच्या गोष्टी जास्त जमल्यात, साठीतल्या माणसाला त्यातला चोर चोम्पिरास शोभतो, चावो तेवढा नाही.

सिनेमात ते टीव्हीएवढे मोठे झाले नाहीत. ‘एल चान्फ्ले’ (१९७९) हा अपवाद, मेक्सिकोतल्याच ‘अमेरिका’ नावाच्या फुटबॉल क्लबच्या सामान सांभाळणाऱ्या माणसाची गोष्ट, टीव्हीवरचीच मंडळी, आणि मेक्सिकोत तो तुफान चालला. त्याचा दुसरा भाग, ‘चार्रितो’ (१९८४) आणि ‘मुसिका दे विएन्तो’ (१९८८) हे त्यानंतरचे. रंगमंचावर ‘११ इ १२’ हे नाटक १९९२ पासून बराच काळ चाललं. फ्लोरिंदा मेसांशी लग्न २००४ मध्ये, एकत्र राहणं त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. २००६ मध्ये चावोचं अॅनिमेशन आलं.

मृत्यूनंतर ३० नोव्हेंबर २०१४ ला आस्तेका स्टेडियमवर श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. २०२० च्या जुलैअखेरीस हक्कांच्या करारावरून वारस आणि तेलेविसा यांचं जमलं नाही आणि मालिका सगळीकडून बंद झाल्या, त्या २०२४ मध्ये परत आल्या. २०२५ मध्ये त्यांच्या आयुष्यावर एक मालिका आली, तिच्यात विय्याग्रान आणि मेसा यांच्यावर बेतलेल्या पात्रांची नावं बदललेली आहेत, त्यामुळे ७८-७९ च्या भांडणांसाठी ती पुरावा म्हणून वापरू नये.