मांडणीच्या बटणाखालच्या दोन ओळी

वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर. जुलै २०२१ मध्ये त्याची ५.८ ही आवृत्ती आली. तिच्यात ‘ग्रुप’ ब्लॉकच्या सेटिंगमध्ये एक नवं टॉगल, म्हणजे चालू-बंद करायचं बटण, होतं : ‘इनहेरिट डिफॉल्ट लेआउट’ (मुळात ठरलेली मांडणी घ्या). ग्रुप म्हणजे मथळा, परिच्छेद, चित्र असे ब्लॉक एकत्र ठेवायची चौकट. टॉगल चालू केलं की आतला मजकूर थीमने, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याने, ठरवलेल्या रुंदीत मधोमध बसायचा, बंद केलं की चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरायचा. डोळ्यांना दिसणारा बदल होता रुंदीचा, आणि लेबलमध्ये रुंदी हा शब्दच नव्हता. कोडमध्ये त्या गुणधर्माचं नाव ‘इनहेरिट’, तेच पडद्यावर आलं होतं.

कोडमधलं नाव थेट लेबलवर येण्याची ही सवय बरीच जुनी आहे.

१९८५ साली पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा कॉलम, मार्जिन, गटर (दोन कॉलममधली मोकळी जागा) हे शब्द छपाईच्या धंद्यातून आले. ते वापरणाऱ्या अनेकांना कागदावरची मांडणी आधीच ठाऊक होती, त्यामुळे शब्दाचा अर्थ सांगायची गरज कमी पडे. वेबवर असा वारसा नव्हता. सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेत, मांडणीची सोयच नव्हती. १९९५ मध्ये नेटस्केप १.१ या ब्राउझरने तक्ते दाखवायला सुरुवात केली आणि आकडेवारीसाठी असलेल्या त्या तक्त्यांवर लोकांनी अख्खी पानं उभी केली. रिकामी जागा धरून ठेवायला एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र वापरत. सीएसएस या पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेची पहिली अधिकृत शिफारस डिसेंबर १९९६ मध्ये आली, पण तक्त्यांची मांडणी त्यानंतरही बरीच वर्षं टिकली. डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या ड्रीमवीव्हरसारख्या वेबपानं बनवायच्या साधनांत तक्ता घालताना ‘सेल पॅडिंग’ आणि ‘सेल स्पेसिंग’ अशा दोन चौकटी भराव्या लागत. एक अंतर घराच्या आतलं, दुसरं दोन घरांमधलं. नावांवरून हा फरक कळत नसे. आकडा बदलून पाहिला की कळे. ही दोन्ही नावं एचटीएमएलच्या गुणधर्मांची होती, आणि एचटीएमएल जाणणाऱ्याला ती पुरेशी होती.

सॉफ्टवेअर वापरणाऱ्यासाठी मदतीचा मजकूर कसा लिहावा यावर तोवर गंभीर काम झालेलं होतं. आयबीएममध्ये संशोधन करणाऱ्या जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये एक विरोधाभास मांडला : मदत वाचली तर वेळ वाचेल हे खरं असलं, तरी माणूस वाचत बसत नाही, थेट कामाला हात घालतो. कॅरल यांचं म्हणणं असं की, तसं असेल तर मजकूर थोडा असावा, हातातल्या कामाशी बांधलेला असावा, आणि चूक झाली तर मागे कसं यायचं हे त्यात असावं. मला हे या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं, आणि सर्वांत कमी पाळलं गेलेलंही. १९९१ मध्ये ॲपलच्या मॅक संगणकांच्या सिस्टिम ७ मध्ये ‘बलून हेल्प’ आली आणि मदत पुस्तकातून उठून माउसच्या टोकाशी आली.

वेबसाइटच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती पुन्हा दूर गेली. ड्रुपल २००१ चं, वर्डप्रेस २००३ चं, जुमला २००५ चं. या तिन्हींमध्ये मांडणी थीम किंवा टेम्प्लेट ठरवत असे. लिहिणाऱ्याने ‘रीजन’, ‘पोझिशन’ किंवा ‘साइडबार’ नावाच्या ठरलेल्या जागा भरायच्या. डिसेंबर २०११ च्या वर्डप्रेस ३.३ मध्ये मदतीचे टॅब नव्याने रचले गेले, पण ते पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, बंद स्थितीत. खाली अडलेल्या माणसाला वर जाऊन ते उघडावे लागत.

२०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत सीएसएस ग्रिड, म्हणजे पान आडव्या-उभ्या रांगांत मांडायची सोय, आलं. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर आला, मे २०१९ मध्ये ड्रुपलचा लेआउट बिल्डर स्थिर झाला. आता मांडणी लिहिणाऱ्याच्या हातात आली, आणि तिच्याबरोबर सीएसएसचे शब्दही. ‘जस्टिफाय’ हा त्यातला एक. परिच्छेदात त्याचा अर्थ ओळीच्या दोन्ही कडा जुळवणं. फ्लेक्सबॉक्समध्ये, म्हणजे वस्तू रांगेत मांडायच्या सीएसएसच्या पद्धतीत, त्याचा अर्थ रांगेतल्या वस्तू रांगेच्या दिशेने कुठे ठेवायच्या हे ठरवणं. रांग आडवी असेल तर आडवं, उभी केली तर उभं. शब्द एक, कामं दोन. अनुवादकाची तर पंचाईतच होते, कारण भाषांतराच्या यादीत त्याला सुटा शब्द दिसतो, पडदा दिसत नाही. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या प्रणालीत शब्दाला संदर्भ जोडायची सोय आहे. ती वापरली नाही की रांगेच्या बटणावर ‘दोन्ही कडा जुळवा’ असं छापून येतं.

नोव्हेंबर २०२२ च्या वर्डप्रेस ६.१ आवृत्तीत ग्रुपच्या त्या टॉगलचं नाव बदललं : ‘इनर ब्लॉक्स यूज कंटेंट विड्थ’. रुंदी लेबलमध्ये आली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टॉगलखालची मदतीची ओळ टॉगलच्या स्थितीनुसार बदलू लागली. चालू असेल तर आतले ब्लॉक मजकुराच्या रुंदीत आहेत असं ती सांगते, बंद असेल तर चौकटभर पसरतील असं. आत्ता काय आहे हे कळणं ही मांडणीतली निम्मी मदत आहे. एक खोट मात्र राहिली : लेबलमध्ये ‘इनर’ ब्लॉक, खालच्या ओळीत ‘नेस्टेड’ ब्लॉक. वाचणारा थबकतो, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत की एकच?

ही ओळ टूलटिपमध्ये, म्हणजे माउस नेल्यावरच उघडणाऱ्या चौकटीत, न लपवता कायम दिसती ठेवण्यालाही कारण आहे. स्पर्शाच्या पडद्यावर माउस फिरवणं नसतंच. जून २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या, वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शिकेमधला १.४.१३ हा निकष सांगतो की माउस नेल्यावर किंवा कीबोर्डने तिथे पोचल्यावर (फोकस आल्यावर) उघडणारा मजकूर माउस न हलवता बंद करता यावा, त्यावर माउस नेता यावा, आणि तो आपोआप नाहीसा होऊ नये. बटणाखालच्या साध्या ओळीला यातली कुठलीच अडचण नाही. ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ या एचटीएमएलच्या गुणधर्माने ती बटणाशी जोडली की स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांसाठी पडदा वाचणारं सॉफ्टवेअर,ही ती वाचून दाखवतो.

मी ती ओळ मराठीत अशी लिहीन. चालू असताना : ‘आतले ब्लॉक मजकुराच्या रुंदीत, मधोमध आहेत.’ बंद असताना : ‘आतले ब्लॉक चौकटीच्या दोन्ही कडांपर्यंत पसरले आहेत.’ आणि लेबल : ‘आतले ब्लॉक मजकुराच्या रुंदीत ठेवा’. तिन्ही ठिकाणी ‘आतले ब्लॉक’.