तिखट टीका आणि ट्रोलिंग

कोणी विरोधात चार ओळी लिहिल्या की हल्ली लगेच ‘मला ट्रोल केलं’ म्हणतात. बातम्यांतही तेच. या गल्लतीत टीका करणाराच भरडला जातो, म्हणून फरक नीट सांगावासा वाटतो.

आमचा टेकडीप्रेमींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून नेण्याचा प्रस्ताव असलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचा विषय निघाला की तो तापतो. मागे एका काकांनी लिहिलं, “टेकडीवर फिरायला तुम्ही गाड्या काढून येता. लॉ कॉलेज रस्त्यावर अडकलेल्या रुग्णवाहिकेनं काय करायचं?” बोचलं सगळ्यांना. पण काकांना उत्तर हवं होतं. समजावून सांगितल्यावर गाड्यांबद्दलचं बोलणं त्यांनी मागे घेतलं, रुग्णवाहिकेचा मुद्दा सोडला नाही. त्याच दिवशी दुसऱ्या एकानं लिहिलं, “झाडं काय, कुठंही उगवतात. टेकडी सपाट करा.” उत्तरांचा पाऊस पडला. त्यानं एकही खोडून न काढता विषय टेकडीवरून पेठांवर नेला, पेठांवरून ‘बाहेरून आलेल्यां’वर. रात्री दोन जुने मित्र एकमेकांवर तुटून पडले होते आणि हा गप्प होता. अ‍ॅडमिननं काकांना आणि त्याला, दोघांनाही काढलं.

इंग्रजीत चालत्या होडीमागे गळ ओढत मासे धरण्याला ट्रोलिंग म्हणतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत हा शब्द रुळला. जुनी मंडळी चघळून चोथा झालेला प्रश्न मुद्दाम टाकत आणि कोण नवखा गळाला लागतो ते बघत. लोककथेतला ट्रोल नावाचा राक्षस या अर्थाला नंतर चिकटला. गळाचं चित्रच जास्त उपयोगी आहे. गळ टाकणाऱ्याला माशाशी बोलायचं नसतं.

भाषेच्या तिखटपणावरून मात्र काही ठरत नाही. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. संमतिवयाच्या कायद्यावरून, म्हणजे १८९१च्या आसपास, त्यांचा आणि टिळकांचा वाद विलक्षण कडवट झाला. तरी त्यात मुद्द्याला मुद्दा होता. याच पुण्यात सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तिला कोणतं उत्तर देणार? उलट, गोड बोलूनही ट्रोलिंग होतं. “फक्त समजून घ्यायचंय हो,” म्हणत तोच प्रश्न दहाव्यांदा विचारणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

मी एकदा शांतपणे उत्तर देते आणि पुढचा मेसेज बघते. त्यात माझ्या उत्तराची दखल असेल, अगदी रागानं का होईना, तर ती टीका. नसेल तर तिथंच थांबते, कारण दुसरं उत्तर म्हणजे गळाला नवं आमिष.

धमक्या देणं किंवा बाईचा ऑनलाइन पाठलाग करणं टीकेतही मोडत नाही आणि ट्रोलिंगमध्येही. भारतीय न्याय संहितेत हे गुन्हे आहेत (कलम ३५१ आणि ७८). त्याला ‘ट्रोलिंग’ म्हणून सोडून देऊ नये. स्क्रीनशॉट जपावेत आणि सायबर पोलिसांकडे जावं.

काकांना परत घ्या, असं मी अ‍ॅडमिनला लिहिलं आहे. त्यांच्या रुग्णवाहिकेच्या प्रश्नाला आम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.