कार्टोफेल (जर्मन नाम : लिंग, अनेकवचन व विभक्ती)

कार्टोफेल हा जर्मन भाषेत बटाट्यासाठीचा प्रमाण शब्द. स्त्रीलिंगी, अनेकवचन कार्टोफेल्न, आघात मधल्या ‘टो’वर. जर्मन शिकताना खाण्याच्या पदार्थांची नावे अगदी सुरुवातीलाच येतात आणि नामाचे लिंग, वचन, विभक्ती यांची पहिली गाठ त्यांच्यामार्फतच पडते. त्यांत हा शब्द मुद्दाम निवडावा असा आहे. त्याचे स्वतःचे रूप जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे व्याकरणाचा सगळा भार कोण उचलतो ते स्वच्छ दिसते.

डूडेन या जर्मन शब्दकोशात या शब्दापुढे ‘डी, –, –न’ एवढाच मजकूर असतो. ‘डी’ म्हणजे स्त्रीलिंगी उपपद, नामाआधी येणारा आणि त्याचे लिंग दाखवणारा छोटा शब्द. त्यापुढची मोकळी रेघ सांगते की एकवचनाच्या षष्ठीत नामाला काही चिकटत नाही. शेवटचा ‘न’ अनेकवचनाचा. सफरचंदाच्या आप्फेल या शब्दापुढे मात्र ‘डेर, –स, एप्फेल’ असे दिसते : पुल्लिंग, षष्ठीत ‘स’, आणि अनेकवचनात शेवटी काही न लागता आतला ‘आ’च ‘ए’ होतो. कोश असा वाचता आला की रूपांचे तक्ते घोकण्याची निम्मी मेहनत वाचते.

लिंग वस्तूत नसते, शब्दात असते, हे बटाट्याइतके कुणी पटवून देत नाही. जर्मन शब्दाचे मूळ इटालियन ‘टार्टुफोलो’मध्ये आहे. तो शब्द कंदासारख्या उगवणाऱ्या ट्रफल या बुरशीचा आणि पुल्लिंगी. जर्मनमध्ये आधी ‘टार्टुफेल’ झाले, मग पहिल्या ‘ट’चा ‘क’ झाला आणि शब्द स्त्रीलिंगी होऊन स्थिरावला. आपल्याकडे नेमके उलटे घडले. पोर्तुगीज ‘बटाटा’ स्त्रीलिंगी. मराठीत आल्यावर शेवटच्या ‘आ’मुळे तो कांदा, मुळा यांच्या पंगतीत बसला आणि पुल्लिंगी ठरला.

म्हणूनच मराठी विद्यार्थ्याला निर्जीव वस्तूला लिंग असते याचा धक्का बसत नाही. तीन लिंगे त्याच्या अंगवळणी पडलेली असतात. त्याची चूक वेगळी : तो घरचे लिंग सोबत नेतो. ‘बटाटा कुठे आहे?’ याच्या जर्मन उत्तरात ‘झी’ म्हणजे ‘ती’ हवे, पण तोंडातून ‘एर’ म्हणजे ‘तो’ निसटते. यावर तर्क चालत नाही. चमचा ‘डेर ल्योफेल’, काटा ‘डी गाबेल’ आणि सुरी ‘डास मेसर’. एकाच ताटाशेजारी तिन्ही लिंगे मांडलेली. शब्द उपपदासकट पाठ करणे हाच उपाय, आणि अनेक वर्गांत लिंगानुसार रंगीत पेनेही वापरतात.

अनेकवचनाचा नियम त्या मानाने भरवशाचा आहे. ‘एल’ने संपणाऱ्या स्त्रीलिंगी नामांना ‘न’ लागतो : कांदा म्हणजे त्स्वीबेल, त्याचे त्स्वीबेल्न, तसेच नूडेल, नूडेल्न. पुल्लिंगी नामांना सहसा काहीच लागत नाही. एक ल्योफेल, दहा ल्योफेल. अपवादही आहेत. घरात घालायची सपाता, पांटोफेल, प्रमाण भाषेत पुल्लिंगी असूनही अनेकवचनात पांटोफेल्न होते. कार्टोफेलशी यमक जुळत असल्याने ती विसरतही नाही.

खरी गोम विभक्तीत आहे. मराठीत बटाटा, बटाट्याला, बटाट्याचा असा शब्द शेपटाकडून बदलतो, त्याआधी सामान्यरूपही घेतो. जर्मन कार्टोफेल एकवचनाच्या चारही विभक्तींत जशीच्या तशी उभी असते. बदल पुढच्या उपपदात होतो. कर्ता असो वा कर्म, ‘डी’. डाटिव (आपली चतुर्थी, ‘ला’) आणि गेनिटिव (षष्ठी, ‘चा’) यांमध्ये ‘डेर’. अनेकवचनात अनुक्रमे डी, डी, डेन, डेर. इथेच नवखा अडखळतो. वहीत ‘डी कार्टोफेल’ लिहिलेले असते आणि धड्यात ‘मिट डेर कार्टोफेल’ (बटाट्यासोबत) असे वाक्य भेटते. ‘डेर’ म्हणजे पुल्लिंग, असे समजून तो वहीतले बरोबर असलेले ‘डी’ खोडतो. प्रत्यक्षात ‘मिट’ या शब्दयोगीनंतर डाटिव येते आणि स्त्रीलिंगी ‘डी’चे ‘डेर’ होते. हे एकच ‘डेर’ चार ठिकाणी राबते : पुल्लिंगी कर्ता, स्त्रीलिंगी डाटिव, स्त्रीलिंगी गेनिटिव आणि सर्व लिंगांचे अनेकवचनी गेनिटिव. शेपटीकडे बघायची सवय मोडून तोंडाकडे बघायला शिकणे, हे मराठी माणसाचे मुख्य काम.

डाटिव अनेकवचनात जर्मन नामांना एरवी जास्तीचा ‘न’ लागतो, जसे ‘डेन एप्फेल्न’. कार्टोफेल्नकडे तो आधीच असल्याने ती भानगड उरत नाही. हे रूप डोक्यात बसवायला जर्मन बोलीतलाच एक वाक्प्रचार पुरतो : ‘राइन इन डी कार्टोफेल्न, राउस आउस डेन कार्टोफेल्न’, म्हणजे बटाट्यांत शिरा, बटाट्यांतून निघा. सैन्याच्या कवायतीत शिपायांना बटाट्याच्या शेतात घुसवायचे आणि लगेच बाहेर काढायचे, यावरून उलटसुलट हुकमांबद्दल तो वापरतात. आत शिरताना गती आहे म्हणून ‘इन’सोबत कर्माची विभक्ती, ‘डी’. ‘आउस’सोबत नेहमीच डाटिव, ‘डेन’. तक्त्यातल्या दोन ओळी एका दमात पाठ होतात.

समासात लिंग शेवटचे पद ठरवते. बटाट्याचे सॅलड ‘डेर कार्टोफेलझालाट’, सूप ‘डी कार्टोफेलझुपे’, कुस्करलेला बटाटा ‘डास कार्टोफेलप्युरे’. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश याने 1756 मध्ये बटाटा लावण्याचा काढलेला हुकूमही ‘डेर कार्टोफेलबेफेल’, कारण बेफेल पुल्लिंगी. (पोट्सडाममधल्या त्याच्या थडग्यावर लोक अजून बटाटे ठेवतात.) या समासांत कार्टोफेल हे पहिले पद एकवचनीच राहते, बटाटे कितीही असोत. आपल्या बटाटेवड्यात मात्र ‘बटाटे’ येते.

ऑस्ट्रियाची रीत बटाटेवड्याला जवळची आहे. तिथे, आणि बव्हेरियातही, बटाट्याला ‘डेर एर्डआप्फेल’ म्हणजे जमिनीतले सफरचंद म्हणतात. शब्द बदलला की लिंगही बदलले आणि अनेकवचन एर्डएप्फेल झाले. सॅलडही ‘एर्डएप्फेलझालाट’, म्हणजे समासात अनेकवचनाचे रूप. 1995 मध्ये ऑस्ट्रिया युरोपीय संघात गेला तेव्हा प्रवेश कराराच्या 10 क्रमांकाच्या प्रोटोकॉलमध्ये (कराराला जोडलेल्या पुरवणीत) खाद्यपदार्थांचे 23 ऑस्ट्रियन शब्द जर्मनीतल्या शब्दांच्या बरोबरीचे म्हणून नोंदवले गेले. त्या यादीत बटाटा अनेकवचनातच आहे : एर्डएप्फेल, समोर कार्टोफेल्न.