संस्कृत, पायथन आणि पाहुण्यांची बिस्किटं

दर काही महिन्यांनी तो फॉरवर्ड परत येतोच: ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा, नासाचा शिक्का!’ शिक्का वगैरे काही नाही. नासाच्या एम्स केंद्राशी संबंधित रिक ब्रिग्ज यांचा १९८५ सालचा एक लेख आहे, ‘एआय मॅगझिन’मधला. विषय असा, की माणसाच्या वाक्यातला अर्थ यंत्राला कसा मांडून द्यावा. संस्कृतात प्रोग्राम लिहा, असं त्यात नाही. असल्या शिक्क्याशिवाय संस्कृताचं अडतं असं मानणं, हाच मला तिचा अपमान वाटतो.

प्रोग्रामिंगच्या भाषेत शब्द मोजके, कंस फार, एक स्वल्पविराम चुकला की रडारड. हे सगळ्यांना दिसतं, सोडा. मेख आहे ती अर्थ कोण लावतं यात.

पाहुण्यांना विचारा, ‘चहा किंवा कॉफी आणि बिस्किटं?’ चहा घेणाऱ्यापुढेही बिस्किटं येतात; नाही आली तर गावभर होईल. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘अँड’ हा ‘ऑर’पेक्षा घट्ट चिकटतो, म्हणून बिस्किटं फक्त कॉफीवाल्याला. तुमच्या मनात काय होतं, हे तिथे कुणी विचारत नाही.

माणसांच्या आणि यंत्रांच्या भाषांच्या या वाटणीत संस्कृत मराठीच्याच पंगतीला बसते. विभक्तीमुळे शब्द इकडेतिकडे झाले तरी कर्ता-कर्म कळतात, कबूल. पण अर्थ एकच? कविराजाच्या ‘राघवपाण्डवीय’त त्याच श्लोकांतून रामाचीही कथा निघते आणि पांडवांचीही! प्रोग्रामिंगची भाषा रचणारा जी गोष्ट निपटून काढतो, ती संस्कृत कवींनी अलंकार म्हणून मिरवली.

मग संगणकाच्या जवळचं काय? पाणिनीची सूत्रं. ‘इको यणचि’ घ्या. ‘इको’मधली षष्ठी म्हणजे एरवी ‘चा-ची-चे’. इथे तिचा अर्थ ‘च्या जागी’. शेवटच्या ‘अचि’ची सप्तमी एरवी ‘त’. इथे ‘पुढे असताना’. म्हणजे इ-उ-ऋ-ऌ यांच्या जागी य-व-र-ल, पुढे स्वर असताना: दधि + अत्र = दध्यत्र. विभक्त्यांचे हे खास अर्थही पाणिनीने स्वतंत्र सूत्रांनी बांधून दिले आहेत. ही बोलण्याची संस्कृत नाही; संस्कृताचे नियम लिहायला घडवलेली परिभाषा आहे. म्हणूनच प्रोग्रामिंग भाषांचं व्याकरण लिहिण्याच्या संगणकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांच्या पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस’ म्हणावं, असं १९६७ साली त्याच क्षेत्रातल्या इंगरमन यांनी सुचवलं. ‘दधि देहि’ म्हणून दही मागतात ती संस्कृत वेगळी, आणि फॉरवर्डवाले काका नेमकी तीच पुढे ढकलतात.